दांड्यावरचा अंगठा

मुलांनो, आधी एक काम करा. उजवा तळहात कमरेच्या जरा खाली, बाजूला ठेवा आणि तोच पाय पुढे-मागे झुलवा. हाताखाली काहीतरी कडक हलतंय ना? तिथंच आत तुमचा खुबा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत बसलेला असतो आणि तुम्ही उठता, बसता, आईच्या हातून निसटून पळता, तेव्हा तो आपला मुकाट फिरत असतो.

आता कल्पना करा, की तो गोळा झिजलाय. पाऊल टाकलं की आत वाळू चिरडल्यासारखं होतं. मग डॉक्टर काय करतात? झिजलेला गोळा काढून टाकतात. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीत टायटॅनियम नावाच्या धातूचा वीतभर दांडा ठोकून बसवतात आणि दांड्याच्या डोक्यावर नवा गोळा चढवतात. भिंतीत खिळा ठोकावा तसंच म्हणा ना. पण भिंत खिळ्याला नुसती धरून ठेवते. हाड जिवंत असतं. त्याला हा नवा पाहुणा पसंत पडला, तर ते हळूहळू वाढत जाऊन त्याच्या अंगाला घट्ट चिकटतं. नाही पसंत पडला, तर ते मागे सरतं आणि दोघांच्या मध्ये एक मऊ पडदा विणून टाकतं. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी!

आणि मग दांडा डुगडुगायला लागतो.

या गोष्टीतल्या आजोबांचा दांडा असाच डुगडुगला होता.

आजोबा गिलाव्याचे कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या होत्या. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी चहा येईपर्यंत बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघायचे आणि "हं, इथं पोकळ आहे," असं यजमानांच्या तोंडावर सांगायचे. त्यामुळे त्यांना फारसं कुणी चहाला बोलवत नसे.

त्यांची नात दहा वर्षांची. शाळेत तिचं नाव चांगलं होतं, घरात मात्र तिला गोचीड म्हणत. एकदा एखाद्या प्रश्नाला चिकटली, की पोटभर रक्त प्यायल्याशिवाय सुटायची नाही. हे नाव आईने ठेवलं होतं. आई पावाची गाडी चालवायची. पहाटे भट्टीवरून पाव भरायचे आणि दुपारपर्यंत दुकानादुकानांत उतरवायचे. अशा दमलेल्या बाईला रोज संध्याकाळी "पाव फुगतो म्हणजे आत नक्की कोण असतं?" असं विचारलं, तर ती दुसरं काय नाव ठेवणार?

सव्वा वर्षापूर्वी आजोबांचा खुबा बदलला. डॉक्टरांनी बारा आठवडे सांभाळायला सांगितलं होतं. काठी घेऊनच चालायचं, शिडी चढायची नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही. आईला वेळ नव्हता, तेव्हा पहारेकरी झाली गोचीड. तिने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. शहाणपणाच्या दिवशी हिरवा गोल, गुन्ह्याच्या दिवशी लाल. चौऱ्याऐंशी दिवसांत ऐंशी गोल हिरवे आले आणि चार लाल. ते चारही गुन्हे एकाच जातीचे होते. बातम्या बघताना आजोबांचा पाय आपोआप दुसऱ्या पायावर चढायचा. शिडीच्या आसपास ते एकदाही फिरकले नव्हते.

तरीही वर्षाने मांडी दुखायला लागली. एक्स-रे काढला, तर दांड्याच्या कडेने एक काळी रेघ दिसली. हाड आणि दांडा जिथं एकमेकांना भिडायला हवे होते, तिथं फट पडली होती. आत जंतू शिरले असतील, अशी डॉक्टरांना शंका आली. त्यांनी दांडा काढला, त्या जागी तात्पुरता सिमेंटचा गोळा बसवला आणि सहा आठवडे वाट पाहायला सांगितलं.

सहा आठवडे संपले तो सोमवार होता.

"तपासणीत जंतू सापडले नाहीत," डॉक्टर कागद चाळत म्हणाले. "चांगली गोष्ट आहे. गुरुवारी नवा दांडा बसवून टाकू."

"मग जुना का सुटला?" आजोबांनी विचारलं.

"होतं असं कधीकधी. वय असतं. शिवाय तुमचं काम शिडीवरचं. चढला असाल एखाद्या वेळी. माणूस विसरून जातो."

"मी नाही विसरत," गोचीड म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. गोचिडीला उलटं वाचता येत होतं. ही कला वर्गात पहिल्या बाकावर बसून येते. कागदावर लिहिलं होतं, 'रुग्णाने सुरुवातीच्या काळात पुरेशी काळजी घेतली नसावी.'

तिची कानशिलं तापली. ही ओळ नुसती आजोबांबद्दल नव्हती. चौऱ्याऐंशी दिवस रंगीत खडू हातात घेऊन पहारा कुणी दिला होता?

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "खोडा ते."

"अगं ए!" आईने तिचा दंड धरला.

"तिला बोलू दे," आजोबा म्हणाले. त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि त्यावर दोन्ही हात टेकवले. "डॉक्टरसाहेब, आमच्या धंद्यात गिलावा सुटला, तर आम्ही घरमालकाला 'तुम्ही भिंतीला टेकून बसला असाल' असं सांगत नाही. सुटलेला पोपडा हातात घेतो, त्याची पाठ बघतो. का सुटला ते तिथं लिहिलेलं असतं. पहिला का सुटला हे कळल्याशिवाय दुसरा माझ्या अंगात जाणार नाही."

"बाबा, हट्ट कसला करताय!"

"गुरुवार चुकला, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळेल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तोवर स्नायू आखडतील. पाय आखूड होऊन बसेल. मग मी कितीही चांगला दांडा घातला, तरी तुम्ही आयुष्यभर लंगडत चालाल. विचार करा."

"केला. माझा दांडा कुठाय?"

"कोणता?"

"माझाच. माझ्या मांडीतून काढलेला. की तोही विसरलो म्हणता?"

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हता तो, घाईत होता इतकंच. त्यांनी कपाटातून एक जाड पाकीट काढलं. दांडा जंतू मारून, साफ करून ठेवलेला होता. "इथं सही करा आणि घेऊन जा. कारण सापडलं, तर मलाही सांगा. ती ओळ मी स्वतः खोडेन."

*

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, आजोबांच्या मांडीतला दांडा ठेवलेला होता. आईने त्याच्याकडे पाठ करून भांडी घासायला घेतली.

दांड्याचा वरचा अर्धा भाग पांढुरका होता आणि बोटाला बारीक पॉलिश-पेपरसारखा लागत होता.

"हा त्याचा गिलावा," आजोबा म्हणाले. "डॉक्टरांनी पहिल्या वेळी सांगितलं होतं. हाडात जे खनिज असतं ना, त्याचीच भुकटी वितळवून याच्यावर फवारतात. हाडाला वाटतं, अरे, हा तर आपल्यातलाच! मग हाड तयार करणाऱ्या बारीक पेशी येतात, त्या खडबडीत जागेत पाय रोवतात आणि बांधकाम सुरू करतात. हे बघ, इथं झालंय बांधकाम."

खरंच, एका कडेला हाडाचे कण अजून घट्ट बसलेले होते. नखाने निघेनात.

"मग इथं का नाही?" गोचिडीने विचारलं.

तिचं बोट पांढुरक्या भागाच्या मध्यावर होतं. तिथं पांढरा लेप नव्हताच. करडा धातू उघडा पडला होता. एका बाजूला एक मोठा लांबट डाग आणि पलटून पाहिलं तर दुसऱ्या बाजूला दोन लहान डाग. डागांच्या कडा फाटक्या होत्या. तिथून भेगा निघून खालपर्यंत गेल्या होत्या आणि खालचा लेप नख लावताच पापुद्र्यासारखा सुटत होता.

आजोबांनी दांडा दिव्याखाली धरला.

"नवी काँक्रीटची भिंत असते ना," ते म्हणाले, "ती आधी छिन्नीने घाव घालून खडबडीत करायची. मग पाणी मारायचं. आणि मगच गिलावा. पण काँक्रीट ओतताना साच्याच्या फळ्यांना तेल लावलेलं असतं. ते कुठं राहिलं असेल, तर तेवढ्या जागी गिलावा धरत नाही. वरून काही दिसत नाही हं! वर्षभर झकास. मग एक दिवस तेवढ्या जागेची कड उचलते आणि शेजारच्या चांगल्या गिलाव्यालाही घेऊन पडते. एकाच्या संगतीने दहा बिघडतात, तशातली गत."

"पण याला तेल कुणी लावलं?"

"तेच तर बघतोय." आजोबांनी उजव्या हाताने दांडा धरून पाहिला. अंगठा मोठ्या डागावर ठेवला, तर मागची बोटं डागांवर येईनात. उलटा धरला, फिरवून धरला. छे!

"द्या इकडे," गोचीड म्हणाली आणि तिने तो डाव्या हातात घेतला. ती डावखुरी होती. चमचा, पेन्सिल, भांडणातला पहिला गुद्दा, सगळं डावीकडून. तिचा अंगठा मोठ्या डागावर बसला. पाठीमागे मधली दोन बोटं आपोआप दोन लहान डागांवर जाऊन टेकली. जागा तिच्या बोटांपेक्षा मोठी होती, पण तिरकेपणा अगदी तोच.

नळ बंद झाला. आई ओल्या हातांनीच येऊन उभी राहिली होती.

"कुणीतरी उघड्या हाताने धरलाय," गोचीड म्हणाली. "लेप लावायच्या आधी. आणि तो माणूस माझ्यासारखा आहे."

"अंगठ्याला कुठं एवढं तेल असतं?" आई म्हणाली, पण तिचा आवाज जरा उतरला होता.

"फ्रिजच्या दारावरचे हिच्या बोटांचे ठसे रोज कोण पुसतं?" आजोबांनी विचारलं.

आईने हात पुसून दवाखान्याची फाइल काढली, पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तिच्यात चिकटवलेला, दांड्याच्या खोक्यावरचा कागद शोधला. लेप लावणाऱ्या कारखान्याचा पत्ता त्यावर बारीक अक्षरांत होता. बस डेपोच्या मागची गल्ली. त्या गल्लीत ती रोज पाव उतरवायची.

"उद्या दुपारी गाडी रिकामी झाली की नेते," ती म्हणाली. "पण तिथं काही निघालं नाही, तर गुरुवारी मुकाट्याने टेबलावर आडवं व्हायचं. मान्य?"

"मान्य," आजोबा म्हणाले.

"मला नाही मान्य," गोचीड म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?"

*

मंगळवारी दुपारी आजोबा पावाच्या रिकाम्या ट्रेमध्ये वॉकर आडवा टाकून, पुढच्या सीटवर लाटसाहेबासारखे बसून निघाले. गाडीला ताज्या पावाचा वास होता. मांडीवर पाकिटात दांडा.

कारखाना म्हणजे एक लांबट, पांढरीशुभ्र खोली होती. मालकीणबाई पांढरा कोट घालून स्वतःच बाहेर आल्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. त्यांनी दांडा पाहिला, डाग पाहिले आणि मान हलवली.

"आजोबा, हाडातून ठोकून काढताना लेप खरवडला जातो. त्यात नवल नाही."

"नेमका अंगठ्याच्या आकाराचा?"

"ढगातही हत्ती दिसतो माणसाला." त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. "प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे एका वेळी लेप लावायच्या दांड्यांबरोबर, आम्ही एक चकती ठेवतो. त्याच धातूची, त्याच दिवशी घासलेली, तोच लेप. मग यंत्रात घालून तो लेप ओढून काढायचा प्रयत्न करतो. सहज निघाला, तर तो घाणा बाद. सहा वर्षांत एकही चकती नापास झालेली नाही. पुरावा म्हणतात तो याला."

सहा वर्षं म्हणजे खेळ नव्हता. गोचिडीने आजोबांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला शंका आली. आपण चुकलो असलो तर? तक्त्यावरचे चार लाल गोल तिच्या डोळ्यांसमोर आले.

काचेच्या पलीकडे काम चालू होतं. एका पेटीत बारीक कठीण खड्यांचा झोत मारून दांडे घासून खडबडीत करत होते. पेटीतून निघालेला दांडा एक वयस्कर कारागीर उचलायचा आणि गोल फिरत्या टेबलावरच्या खुंटीवर उभा करायचा. अकरा दांडे उभे होते. तो बारावा घेऊन आला. दाराशी पाहुणे बघून त्याने नमस्कारासाठी मान लववली आणि दांडा खुंटीवर ठेवला.

डाव्या हाताने. आणि हात उघडा होता.

"काका," काचेचं दार अर्धं उघडं होतं, त्यातून गोचीड म्हणाली, "तुमचे हातमोजे कुठायत?"

"मोजे सगळ्यांना दिलेले आहेत," मालकीणबाई म्हणाल्या.

कारागिराने खिशावर हात ठेवला. मोजे खिशात होते, त्यांची पांढरी टोकं बाहेर डोकावत होती.

"बाई," आजोबा हळूच म्हणाले, "आमच्यात गिलाव्याआधी भिंतीवर पाणी मारतात. तेल असेल तिथं भिंत पाणी धरत नाही. एक घासलेली चकती आणि घोटभर पाणी द्या. चूक माझी निघाली, तर तुमच्या या खोलीला फुकट गिलावा करून देतो."

"वॉकर घेऊन?"

"वॉकर घेऊन."

मालकीणबाईंना हसू आलं. "करा बाबा तुमचा प्रयोग आणि मग मला कामाला लागू द्या. पाच वाजता गाडी येते. या बारांत एक दांडा तुमच्याच दवाखान्याचा आहे, माहितीये? आज लेप, उद्या जंतू मारायचे, परवा सकाळी डॉक्टरांच्या हातात."

आईने चटकन आजोबांकडे पाहिलं. परवा म्हणजे गुरुवार.

कारागिराने चिमट्याने दोन चकत्या आणून बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आणि वाकड्या नळीची, पिळली की पाणी येणारी बाटली गोचिडीच्या हातात दिली. तिने पहिल्या चकतीवर पाणी सोडलं. पाणी थेंब होऊन बसलंच नाही. करड्या खडबडीत धातूवर ते क्षणात काठापर्यंत पसरलं, जसं काही चकतीला तहानच लागली होती.

"आता यावर माझा अंगठा," ती दुसऱ्या चकतीकडे वळली.

"तू पावाच्या गाडीतून आलीस," मालकीणबाई म्हणाल्या. "लोणी लागलं असेल हाताला. त्याने काय सिद्ध होणार?"

"तिचा नको," कारागीर म्हणाला. "माझा घ्या."

खोलीत तो पहिल्यांदाच बोलला होता. तो कोपऱ्यातल्या नळाशी गेला. साबणाने हात धुतले, एकदा, दोनदा, तीनदा. स्वच्छ कागदाने कोरडे केले. मग येऊन त्याने डावा अंगठा चकतीच्या मध्यभागी टेकवला आणि उचलला. चकतीवर काहीही दिसत नव्हतं. अगदी काही नाही.

गोचिडीने पाणी सोडलं.

पाणी पसरत आलं आणि मध्यावर येऊन थबकलं. मग दोन्ही बाजूंनी मागे सरलं. ओल्या, चकचकीत चकतीच्या मधोमध एक कोरडं बेट उरलं. लांबट, जरा तिरकं. आजोबांनी पाकिटातला दांडा काढून त्या बेटाशेजारी ठेवला. कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

"साबणाने धुतलं तरी कातडीचं तेल पुन्हा वर येतं," आजोबा म्हणाले. "जिवंत माणूस आहे तो, दगड नव्हे."

"अहो, पण चकती कशी पास होते मग?" आईने विचारलं.

"चकती एवढीशी, चपटी. ती आम्ही चिमट्याने धरतो," कारागीर म्हणाला. "दांडा हाताने."

मालकीणबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आणि मोजे? ते खिशात घालायला दिलेत का?"

"मोजे सुताचे आहेत, बाई." कारागिराने ते काढून टेबलावर ठेवले. "घासलेला दांडा काटेरी असतो. मोज्याने धरला, की दोरे अडकतात. वर पांढरा लेप बसला, की दिसतही नाहीत. मला वाटलं, माणसाच्या हाडात दोरा जाण्यापेक्षा धुतलेला हात बरा. म्हणून काढत गेलो. दोरे न सुटणारे मोजे आणा, असं तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, चकत्या पास होतायत ना? मग मीही तेच म्हणायला लागलो." त्याने आजोबांकडे पाहिलं. "चांगलं करायला गेलो हो."

आजोबांनी वॉकरवरून एक हात उचलून त्याच्या दंडावर ठेवला. "मीही एकदा भिंत जास्तच स्वच्छ करायला गेलो होतो. रॉकेलने पुसली. अख्खी भिंत घरमालकाच्या जेवणाच्या ताटात."

कारागीर हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. उघड्या हाताने.

मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी ओली चकती कागदात गुंडाळली.

"ठीक आहे. झालं ते लक्षात आलं. उद्यापासून नवे मोजे. पण हे बारा आज जातील. दवाखाने थांबलेत, लोक थांबलेत."

"त्यातला एक मी आहे," आजोबा म्हणाले. "मी थांबतो. दोन महिने थांबतो. पाय आखूड झाला, तर एका बुटाला जाड टाच लावेन. पण हे जाणार नाहीत."

"तुम्ही कोण ठरवणार? मशीन सुरू करा हो."

कारागिराने हाताची घडी घातली. चाळीशीचा असल्यापासून तो या खोलीत 'हो बाई' म्हणत आला होता. "मी बटण दाबणार नाही, बाई. मला तो अंगठा दिसलाय आता. परत डोळे मिटता येणार नाहीत."

"मग मी दाबते. आणि पाचच्या गाडीत ठेवते."

"ठेवा की," आई म्हणाली. कालपर्यंत ती डॉक्टरांच्या बाजूची होती, हे लक्षात घ्या. ती दाराच्या चौकटीला टेकून, किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत होती. "पण पाचची गाडी आत येणार कुठून? फाटकात माझी पावाची गाडी उभी आहे. आणि काय झालंय कुणास ठाऊक, आज ती सुरूच व्हायची नाही असं वाटतंय."

"शाबास, पोरी!" आजोबा म्हणाले.

मालकीणबाईंनी टेबलावर तळहात आपटला. "एका चकतीवर एक अंगठा उमटला म्हणून बारा दांडे बाद करू? बाराच्या बारा याने उघड्या हातानेच, तेही लेपाच्या जागीच धरलेत, कशावरून? एखाददुसरा असेल. पुरावा काय?"

प्रश्न बरोबरच होता. गोचिडीलाही तो बरोबर वाटला. कारागिराने आठवायचा प्रयत्न केला. मोठी माणसं अशा वेळी एकमेकांकडे बघत बसतात.

गोचिडीने कुणाकडेच बघितलं नाही. पाण्याची बाटली अजून तिच्या डाव्या हातात होती. ती काचेच्या दारातून आत गेली, फिरत्या टेबलाजवळ टाचा उंचावून उभी राहिली आणि पहिल्या दांड्यावर वरून पाणी सोडलं. पाणी झुळझुळीत कापडासारखं खाली उतरलं आणि मधोमध फाटलं. तिथं एक अंगठा कोरडाच राहिला.

"एक," ती मोठ्याने म्हणाली, टेबल हाताने एक खुंटीभर पुढे फिरवलं आणि दुसऱ्या दांड्यावर बाटली पिळली.